डावं-उजवं

सुभाषनगरात आमच्या दुकानात
बापू आधी डावी कापतात.
मग तीच आखणी पालथी घालून उजवी.
कान, पट्टा, अंगठा, वेणी, सगळं तेच.
वजन तेच, बाभळीच्या सालीचा वास तोच,
फक्त एकीवर एक ठेवली
की जुळत नाहीत.

हे रसायनाच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं
तेव्हा मी वर्गात हसले होते.
पाटणकर मॅडम म्हणाल्या, काय झालं?
काय सांगणार.
रेणूलाही पाय असतो आणि जोड असतो,
हे आमच्या घरी रापीला ठाऊक होतं.

आता विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर
मी पाण्यात अभिक्रिया लावते.
टोल्यूईन नाही, क्लोरोफॉर्म नाही,
नदीला ज्याची भीती वाटावी असं काही नाही.
तेलकट थेंब पाण्यावर तरंगतात,
रात्रभर ढवळतात,
सकाळी तळाशी पांढरं काही बसलेलं असतं.
तौफिक विचारतो, पाण्यात विरघळत नाहीत
ते पाण्यात जुळतात कसे?
विरघळायला सांगितलंय कुणी?
शेजारी राहिलं तरी पुष्कळ.

पण जे जुळतं ते निम्मं डावं, निम्मं उजवं.
पाण्याला त्यातलं काही कळत नाही.
महापुरातही कळलं नव्हतं.
दुकानात आठ दिवस छातीभर पाणी,
ओसरल्यावर चिखलातून वेचल्या
दोनशे अकरा चपला.
एकशे तीस डाव्या, एक्याऐंशी उजव्या,
मापं लावून जोड झाले त्रेसष्ट.
बाकीच्या?
बापू म्हणाले, पंचगंगेला इचार.

आत्याच्या आठवणीत गावची विहीर आहे.
तिचं पाणीही डावं-उजवं करत नव्हतं.
काठावरची माणसं करायची.
वरून ओतायची, ओंजळीत,
हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून.

आणि मी काय बनवते?
डावं-उजवं करणारं पटल.
मॅडम मेंब्रेन म्हणतात, मी मनात कातडं म्हणते.
त्याच्या छिद्राछिद्रात एक बारका रेणू टाचलाय,
एका हाताला आत घेतो,
दुसऱ्याला थांबवून ठेवतो.
कधी कधी रात्री त्याच्याकडे बघताना
काठावर कोण उभं आहे, कळेनासं होतं.

मॅडम समजावतात,
अगं, शरीरच निवडतं.
शहाजिऱ्याचा वास आणि पुदिन्याचा,
रेणू एकच, फक्त आरशातला.
नाक फसतं का? मग औषध कसं फसेल?
खरं आहे. यावेळचं औषध तर डाव्या हाताचं आहे.
मीही डावरी. तिसरीत गुरुजींनी
पट्टीने हात उजवीकडे वळवायचा प्रयत्न केला होता.
‘डावलणं’ या शब्दात डावा कधी शिरला,
हे मात्र मॅडमना विचारायचं राहिलं.

सोमवारी यंत्राने कागदावर दोन डोंगर काढले.
एक जोतिबाएवढा, एक कात्यायनीएवढा.
एकोणऐंशी, एकवीस.
तौफिकने रंकाळ्यावर भेळ दिली.
घरी सांगितलं तर बापूंनी आरी खाली ठेवली.
‘मग उजव्याचं काय करता?’
बाटलीत भरतो. कचऱ्याच्या.
‘समदा?’
समदा.

ते काही बोलले नाहीत.
माळ्यावरून पोतं काढलं,
पुरातल्या सदुसष्ट डाव्या.
एक घेतली, पालथी घातली,
कोऱ्या कातड्यावर तिच्याभोवती रेघ ओढली
आणि उजवी कापायला बसले.
एक जुनी काळवंडलेली, एक नवी लालसर.
जोड झाला. रंग काही जमला नाही.
‘कुणी घेईल का असली?’
‘पाय तर बसंल.’

मंगळवारी प्रयोगवहीत,
डाव्या हाताने, शाई थोडी फासत,
मी लिहिलं:
उजवा टाकू नये.
आम्लारी घालून पाहणे. कूस बदलतो का?
निम्मा तरी बदलेल.
तो पुन्हा पाण्यात.